कॅलोमेल : एका चुकीच्या वाचनाचा इतिहास

माझ्या आजीच्या बोलण्यात 'कोठा' या शब्दाचे महत्त्व फार होते. ताप आला, डोके दुखले, अंगावर पुटकुळ्या उठल्या, अभ्यासात लक्ष लागेना, काहीही झाले तरी तिचा पहिला प्रश्न "कोठा साफ आहे ना?" हाच असे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी घरातल्या सर्व मुलांना ओळीने बसवून सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजण्याचा विधी होई. एरंडेल पोटात जाऊन नेमके काय करते हे तिला विचारण्याची सोय नव्हती. परंतु काम झाल्याचा पुरावा मात्र ती आमच्याकडे मागत असे. "किती वेळा झाले?" या प्रश्नाचे उत्तर दोनाच्या आत असले की तिचा चेहरा पडे, आणि पाच-सहा असले की ती समाधानाने मऊ भात टाकायला उठे. पोराचे डोळे खोल गेले आहेत, पाय लटपटत आहेत, हे तिला दिसत नसे असे नाही. पण तिच्या लेखी ते औषध लागू पडल्याचेच चिन्ह होते.

एरंडेलाने आमचे कायमचे काही बिघडले नाही. परंतु अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोप, अमेरिका आणि इंग्रजी अमलाखालचा हिंदुस्थान येथील शिकलेसवरलेले वैद्यक याच प्रश्नावर आणि याच पुराव्यावर उभे होते, आणि त्यांच्या चमच्यात एरंडेल नव्हते, पारा होता. रोग्याच्या आतड्यांनी दिलेली खूण कशी वाचायची, आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर त्या काळी खटले झाले, पत्रके निघाली, नोकऱ्या गेल्या. हा इतिहास वैद्यकाचा आहे तितकाच वाचनाचाही आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडावासा वाटतो.

त्या औषधाचे नाव कॅलोमेल. रसायनशास्त्राच्या भाषेत मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा क्षार. दिसायला पांढरी, हाताला जड, जिभेला बेचव आणि पाण्यात न विरघळणारी पूड. ग्रीक भाषेतील 'सुंदर' आणि 'काळा' या दोन शब्दांपासून हे नाव घडले आहे. पांढऱ्या पुडीला काळ्याचे नाव का, याच्या अनेक कथा सांगतात; अमोनियाचा स्पर्श होताच ती काळी पडते, हे मात्र खरे. आपल्याकडे हिचे सख्खे-चुलत भावंड म्हणजे रसकापूर. बनवण्याच्या पद्धतीनुसार त्यात कधी हा सौम्य क्षार असे, कधी जहाल द्रव्ये मिसळलेली असत. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त फिरंगरोगावर, म्हणजे पोर्तुगिजांबरोबर आलेल्या गुप्तरोगावर, तो देताना कणकेच्या गोळीत घालून, दातांना लागू न देता गिळावा, अशी सूचना आहे. तोंडाची आणि दातांची काय अवस्था होते हे सूचना करणाऱ्याने पाहिले असले पाहिजे.

कॅलोमेल पोटात गेल्यावर त्यातला बराचसा भाग न विरघळता तसाच पुढे सरकतो. थोडा भाग आतड्यात विरघळतो, अस्तराला डिवचतो आणि रक्तात शिरतो. पोटात कळा येतात, पातळ जुलाब सुरू होतात, आणि त्यांचा रंग शिजवून घोटलेल्या पालकासारखा हिरवा असतो. मात्रा वाढली किंवा दिवसामागून दिवस देत राहिले की आव आणि रक्त पडू लागते. शरीरात शिरलेला पारा मोठ्या आतड्यावाटेही बाहेर पडतो आणि जाता जाता तिथेही जखमा करतो. त्याच वेळी वरच्या टोकाला तोंड येते, हिरड्या सुजतात, श्वासाला दुर्गंधी सुटते, लाळेची धार लागते, दात हलू लागतात. काही रोग्यांचे, विशेषतः लहान मुलांचे, गाल आणि जबडा सडून गेल्याची वर्णने त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांत आहेत.

या दोन खुणा, खाली हिरवा रंग आणि वर लाळ, त्या काळच्या डॉक्टरांनी दोन निश्चित अर्थांनी वाचल्या. हिरवा रंग म्हणजे यकृतात तुंबलेले पित्त सुटले. लाळ म्हणजे औषध सर्वांगात पोचले, आता रोगी वाचेल. लाळ सुटली नाही तर मात्रा वाढवावी, असा प्रघातच होता. दोन्ही खुणा औषधाच्या होत्या, रोगाच्या नव्हत्या. एखाद्या टीकाकाराने समासात स्वतःच चार ओळी लिहाव्यात आणि पुढे त्याच ओळी मूळ लेखकाच्या म्हणून उद्धृत कराव्यात, तसा हा प्रकार होता.

हिरव्या रंगाचे कोडे सुटायला १८६८ साल उजाडावे लागले. एडिंबरोचे प्राध्यापक जॉन ह्यूज बेनेट यांच्या नेतृत्वाखालील समितीने कुत्र्यांच्या पित्तमार्गाला बाहेरून वाट करून दिली, रोज किती पित्त येते ते मोजले, आणि कॅलोमेलने पित्त वाढत नाही असे जाहीर केले. पुढे कळले ते असे : पित्तातला हिरवा रंग एरवी आतड्यातले जंतू हळूहळू बदलून तपकिरी करतात. कॅलोमेल त्या जंतूंना मारते आणि आतड्यातला ऐवज घाईने बाहेर ढकलते, त्यामुळे तो बदल होण्याआधीच हिरवा रंग बाहेर दिसतो. शंभर वर्षे ज्याला यकृताची कृतज्ञता समजले गेले ती आतड्याची गडबड होती.

आज औषधांमुळे आतड्यांना होणारी इजा म्हटली की आपल्याला वेदनाशामक गोळ्या आठवतात. तिथली गोष्ट उलटी आहे. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते, पण त्याच्यामुळे जठराचे अस्तर लाल होऊन सोलवटते हे लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या दोघा डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून पाहिले ते १९३८ मध्ये. आणि लहान आतड्यातले व्रण सहजपणे दिसू लागले ते एकविसाव्या शतकात, गिळायचा कॅमेरा निघाल्यावर. ती इजा मुकी होती, म्हणून दिसली नाही. कॅलोमेलची इजा ओरडून सांगत होती, आणि तिचे ओरडणे रोग बरा होत असल्याचा जयघोष म्हणून ऐकले गेले. मला हे दुसरे अधिक भयंकर वाटते.

या कथेतला पहिला मोठा वाचक बेंजामिन रश. जन्म १७४६, मृत्यू १८१३. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा, वेड्यांना साखळदंडाऐवजी माणुसकीने वागवा म्हणणारा फिलाडेल्फियाचा हा डॉक्टर कोणत्याही अर्थाने खलपुरुष नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर आपण त्याच्यावर सोपा राग काढून मोकळे होऊ. १७९३ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरात नोव्हेंबरपर्यंत पाच हजारांच्या आसपास माणसे मेली. हजारो लोक गाव सोडून गेले. रश राहिला. त्याची बहीण आणि तीन शिष्य या साथीत गेले, तो स्वतः अंथरुणाला खिळला आणि उठून पुन्हा रोग्यांकडे गेला.

सुरुवातीला त्याने सिंकोना, मद्य, थंड पाण्याचे स्नान असे सौम्य उपाय केले, आणि माणसे मरत राहिली. मग त्याने आपली कपाटे उपसली. बेंजामिन फ्रँकलिनने पूर्वी कधी दिलेले एक हस्तलिखित त्याच्याकडे होते : १७४१ मध्ये व्हर्जिनियात आलेल्या अशाच साथीबद्दल जॉन मिचेल या डॉक्टरने लिहिलेले. त्यात अशा आशयाचा मजकूर होता की नाडी क्षीण आहे म्हणून जुलाब द्यायला भिऊ नये, पोट रिकामे केलेच पाहिजे. या मजकुराने रशच्या डोक्यात प्रकाश पडला. एका माणसाने अनेक दशकांपूर्वी दुसऱ्या गावी लिहिलेला परिच्छेद, आणि त्याच्या बळावर एका शहरातले उपचार बदलले. दहा ग्रेन कॅलोमेल आणि पंधरा ग्रेन जॅलप अशी त्याची पुडी ठरली. दहा ग्रेन म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाच गुंजांहून थोडे अधिक. पोट पुरते रिकामे होईपर्यंत काही तासांच्या अंतराने ती द्यायची आणि जोडीला शीर तोडून रक्त काढायचे. माणसाच्या अंगात रक्त किती असते याचा रशचा अंदाज खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता, हे इथे लक्षात घ्यावे.

थोडे विषयांतर. जॅलप ही मेक्सिकोतल्या हालापा गावाच्या नावाने ओळखली जाणारी रेचक मुळी. आपल्या 'जुलाब' शब्दाशी तिचे नाव जुळते म्हणून फसू नये. आपला जुलाब फारसीतल्या 'गुलाब'मधून, म्हणजे गुलाबपाण्यातून, अरबीच्या वाटेने आला. गुलाबपाण्याच्या मधुर पेयापासून हगवणीपर्यंतचा या शब्दाचा प्रवास शब्दार्थाच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा. असो.

शहरात डॉक्टर पुरेनात, तेव्हा रशने सूचनांचे पत्रक छापले आणि औषधाच्या पुड्या वाटल्या. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशी एक चुकीची समजूत तेव्हा होती. रशच्या विनंतीवरून ॲब्सलॉम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या दोघा कृष्णवर्णी धर्मसेवकांनी आपल्या लोकांना घेऊन रोग्यांची सेवा केली, शवे उचलली. आठशेहून अधिक लोकांचे रक्त आपण काढले, असे ते सांगतात. साथ सरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने कृष्णवर्णी सेवकांवर लुबाडणुकीचा आळ घेतला, तेव्हा १७९४ मध्ये जोन्स आणि ॲलन यांनी उत्तरादाखल पुस्तिका काढली. अमेरिकन कृष्णवर्णी गद्याच्या इतिहासात ती आज मानाने वाचली जाते. त्या पुस्तिकेत रशच्या औषधावर शंका नाही. ज्यांनी इतरांच्या खोट्या वाचनाविरुद्ध लेखणी उचलली, त्यांनीही हे वाचन मात्र खरे मानले होते. मला या दोघांबद्दल आदर वाटतो आणि हे वाचून पोटात कालवतेही.

विरोध झालाच नाही असे नाही. अलेक्झांडर हॅमिल्टनला ताप आला, एडवर्ड स्टीव्हन्स या डॉक्टरने सौम्य उपचारांनी त्याला बरे केले आणि हॅमिल्टनने ते वर्तमानपत्रातून जाहीर केले. लगेच उपचारांनाही पक्ष मिळाले : फेडरलिस्टांचा सिंकोना, रिपब्लिकनांचे कॅलोमेल.

खरा घाव घातला तो एका लेखकाने. विल्यम कॉबेटला आपण 'रूरल राइड्स'चा कर्ता म्हणून ओळखतो. इंग्लंडचा ग्रामीण प्रदेश घोड्यावरून पालथा घालणारा तो कॉबेट पुढचा. १७९० च्या दशकात तो फिलाडेल्फियात 'पीटर पॉर्क्युपाइन', म्हणजे साळिंदर, या नावाने लिहीत होता. १७९७ मध्ये पीतज्वर पुन्हा आला, रशने पुन्हा तोच उपाय केला, आणि साळिंदराने आपले काटे उभारले. रशच्या राजकारणाबद्दल त्याला मुळातच तिटकारा होता. त्याचा हेतू निर्मळ होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याने एक गोष्ट अशी केली की जी डॉक्टरांपैकी फारशी कोणी केली नव्हती. रश म्हणत होता की नवा उपाय सुरू झाल्यापासून रोग आटोक्यात आला. कॉबेटने १७९३ च्या मृत्यूंच्या रोजच्या याद्या काढल्या आणि ते दावे त्यांच्याशेजारी मांडले. त्या तारखांनंतर मृत्यू वाढतच गेलेले होते.

आज कोणीही सांगेल की हा निर्णायक पुरावा नव्हे. साथ आपल्या गतीने वाढते आणि थंडी पडून डास मेले की ओसरते. तरी वाचनाची दिशा बदलली होती. एका रोग्याच्या पोटातून काय आले याऐवजी एका शहरातून किती प्रेते गेली, हा मजकूर कॉबेटने वाचायला घेतला.

रशने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १४ डिसेंबर १७९९ रोजी निकाल लागला : कॉबेटला पाच हजार डॉलर दंड. त्याच दिवशी रात्री माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या विकाराने मरण पावले. दिवसभरात त्यांचे अनेकदा रक्त काढले होते, दहा ग्रेन कॅलोमेल दिले होते, त्यावर वांतीचे औषध दिले होते, आणि परिणाम काय तर पोट भरपूर रिकामे झाले. रश तिथे नव्हता; त्याचे शास्त्र होते. एखाद्या कादंबरीकाराने हा योगायोग घातला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते. कॉबेट अर्थातच तो सोडणारा नव्हता. १८०० मध्ये न्यूयॉर्कहून त्याने 'रश-लाइट' नावाचे नियतकालिक काढले, त्यात हा योगायोग उगाळून उगाळून लिहिला, आणि त्याच वर्षी तो इंग्लंडला परतला. इंग्रजी गद्यातल्या विखारी उपरोधाचा नमुना म्हणून हे अंक वाचण्यासारखे आहेत. रशची प्रतिष्ठा मात्र न्यायालयाने राखली, आणि कॅलोमेल आणखी साठ-सत्तर वर्षे निर्वेध चालू राहिले.

१८०३ मध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची तयारी चालू होती. पश्चिमेच्या अनोळखी मुलखातून पॅसिफिक महासागरापर्यंत जाणाऱ्या या तुकडीबरोबर रशच्या कॅलोमेल-जॅलपच्या पन्नास डझन गोळ्या दिल्या गेल्या. शिपाई त्यांना 'थंडरबोल्ट', म्हणजे वज्र, म्हणत. १८०४ ते १८०६ या काळात ज्याचे काही दुखले त्याला ते वज्र मिळाले. पुढे २००२ मध्ये माँटाना राज्यात ट्रॅव्हलर्स रेस्ट या ठिकाणी उत्खनन करताना शौचाच्या चराच्या मातीत पाऱ्याचा अंश सापडला, आणि तुकडीचा मुक्काम नेमका इथेच होता याला तो एक पुरावा धरला गेला. जे औषध आतड्यात विरघळलेच नाही ते दोनशे वर्षे जमिनीत थांबले. रशच्या गोळ्यांचे एवढे एकच निदान अचूक ठरले.

आता हिंदुस्थान, कारण अमेरिकेत पीतज्वरावर जे चालले होते तेच इथे पटकीवर सुरू झाले. पटकीला आपल्याकडे आणखी एक जुने नाव होते : मोडशी. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशीं' केले, आणि फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर द शियां' केले, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ 'कुत्र्याची मौत'. मोडणे या साध्या मराठी क्रियापदाचे हे असे झाले. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे, तेव्हा तो इथे नवा नव्हता. परंतु १८१७ मध्ये बंगालमधून जी साथ निघाली तिने सर्वांना हादरवले. त्या नोव्हेंबरात लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातल्या छावणीत माणसे पटापट मेली. १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, साथ दख्खन ओलांडून मुंबईत पोचली.

हेस्टिंग्जच्या सैन्यातील कॉर्बिन या शल्यवैद्याचा उपाय सर्वत्र पसरला : वीस ग्रेन कॅलोमेल, म्हणजे दहा गुंजांच्या वर, आणि त्यावर साठ थेंब अफूचा अर्क. मुंबईच्या वैद्यकीय मंडळाने १८१९ मध्ये साथीवर अहवाल छापला. त्यातही भिस्त कॅलोमेल, अफू आणि रक्त काढणे यांवरच होती. ज्याच्या आतड्यांतून अंगातले सगळे पाणी आधीच वाहून गेले आहे, डोळे खोल गेले आहेत, नाडी लागत नाही, त्याला रेचक द्यायचे आणि त्याची शीर उघडायची! अफूने जुलाब थांबले तर तो अफूचा गुण. कॅलोमेलने हिरवे झाले तर पित्त परतले, म्हणून कॅलोमेलचा गुण. पटकीत पांढऱ्या भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात, त्यामुळे तिथे हिरवा रंग दिसणे तर फारच शुभ मानले जाई.

मद्रासच्या जेम्स ॲनस्लीने १८२८ च्या सुमारास आपले मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्याने कुत्र्यांना कॅलोमेल पाजून, त्यांना मारून, त्यांची जठरे उघडून पाहिली, आणि अस्तर फिकट दिसले म्हणून मोठ्या मात्रेने दाह होत नाही, उलट तो शमतो, असा निष्कर्ष काढला. प्रयोगाची इच्छा होती, डोळे उघडे होते, तरी दिसले तेच जे दिसावे असे वाटत होते. नुसते निरीक्षण पुरेसे असते असे मानणाऱ्यांनी ॲनस्ली जरूर वाचावा.

दुसरी वाट नव्हतीच असेही नाही. विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने १८३१-३२ मध्ये पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले असतात. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील टॉमस लॅटाने शिरेतून खारे पाणी देऊन मरणपंथाला लागलेली काही माणसे उठवून बसवली. हे शोध मागे पडले. ओ'शॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्याला आला आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणण्यात त्याचे नाव झाले. पटकीच्या रोग्यांना कॅलोमेल मिळत राहिले.

सामान्य माणसे काय म्हणत होती? पुष्कळजण डॉक्टर बदलत होती. सॅम्युएल टॉमसनची झाडपाल्याची चळवळ आणि होमिओपॅथी यांना एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जे अफाट यश मिळाले त्याचे एक कारण त्यांनी कॅलोमेल दिले नाही, एवढेच असावे. काही न करणारे औषध इजा करणाऱ्या औषधापेक्षा बरे ठरते. गावोगाव गाणाऱ्या हचिन्सन कुटुंबाच्या कार्यक्रमांत कॅलोमेलची टर उडवणारे एक गाणेच होते. ज्यांचे दात पडले होते त्यांना या औषधाचा अर्थ कळायला बेनेटच्या कुत्र्यांची वाट पाहावी लागली नाही.

अमेरिकन यादवी युद्धात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मेले, आणि रोगांत अतिसार व आव अग्रभागी होते. त्यांनाही कॅलोमेल दिले जाई. आतडी आधीच सोलवटलेल्या पोरांना. सैन्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्यम हॅमंड याने ४ मे १८६३ रोजी परिपत्रक काढून सैन्याच्या औषधयादीतून कॅलोमेल आणि वांतीचे औषध 'टार्टर एमेटिक' काढून टाकली. त्याचे कारण सरळ होते : या औषधांचा अतिरेक होत आहे, आणि लाळगळती व पाऱ्याने झालेला सडा फार ठिकाणी दिसत आहे. म्हणजे लाळेला त्याने लाळ म्हटले. वैद्यकविश्वात खळबळ उडाली. हा आपल्या बुद्धीचा अपमान आहे, असे डॉक्टर म्हणू लागले. युद्धमंत्री स्टँटनशी हॅमंडचे आधीच पटत नव्हते. औषधखरेदीतील गैरव्यवहाराचे आरोप ठेवून त्याच्यावर लष्करी खटला चालवण्यात आला आणि १८६४ मध्ये त्याला बडतर्फ केले गेले. तो निकाल १८७९ मध्ये फिरवण्यात आला.

कॅलोमेल मात्र एका परिपत्रकाने जाणारे नव्हते. विसाव्या शतकात ते मोठ्यांच्या पोटातून निघून लहानांच्या हिरड्यांवर आले : दात येताना बाळांना द्यायच्या पुडीत. हातपाय गुलाबी होऊन सोलणारा, बाळाला रात्रंदिवस कळवळायला लावणारा 'पिंक डिसीज' इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पसरला. कोणी त्याला संसर्ग म्हटले, कोणी जीवनसत्त्वाची कमतरता. १९४८ मध्ये वॉरकनी आणि हबर्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा दाखवला, १९५० च्या दशकात या पुड्या बाजारातून काढल्या गेल्या आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला.

लुईझा मे ऑल्कट हिचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी ठेवला. 'लिटल विमेन' लिहिण्याआधी, डिसेंबर १८६२ मध्ये, ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या युनियन हॉटेल रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. रुग्णालय म्हणजे एक ओले, कोंदट जुने हॉटेल. सहा आठवडेही झाले नाहीत तोच तिला टायफॉइड न्यूमोनियाने गाठले, आणि उपचार म्हणून कॅलोमेल देण्यात आले. वडील येऊन तिला जानेवारी १८६३ मध्ये घरी घेऊन गेले. भ्रम, तोंडाची आग, गळलेली शक्ती, कापून टाकावे लागलेले केस. हॅमंडचे परिपत्रक निघाले ते त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. त्याच वर्षी तिचे 'हॉस्पिटल स्केचेस' प्रसिद्ध झाले. त्यात जखमी पोरांबद्दल करुणा आहे, व्यवस्थेबद्दल तिरकस विनोद आहे, आणि स्वतःच्या दुखण्यालाही तिने विनोदाच्या पातळीवरून खाली येऊ दिलेले नाही.

पुढची पंचवीस वर्षे तिला सांधे, डोके, पोट यांपैकी काही ना काही दुखत राहिले. या आजारापूर्वी आपण कधी आजारी नव्हतो आणि त्यानंतर कधी बऱ्या झालो नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि दोष ती पाऱ्याला देत असे. रोग्याने आपले शरीर स्वतः वाचले, आणि रशच्या परंपरेने जे वाचन कधीच मानले नसते तेच करून दाखवले, असे म्हणून मी इथे थांबलो असतो तर लेख देखणा झाला असता. परंतु २००७ मध्ये हर्शहॉर्न आणि ग्रीव्ह्ज या अभ्यासकांनी तिची पत्रे, रोजनिशी आणि १८७० मधले एक चित्र तपासून असे मत मांडले की थोड्या काळ दिलेल्या कॅलोमेलमुळे इतकी वर्षे त्रास टिकणे कठीण आहे. चित्रात गालांवर दिसणारी लाली आणि एकूण लक्षणे पाहता तिला ल्युपस हा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा, विकार असावा. चित्रातली लाली ही रोगाची की चित्रकाराच्या कुंचल्याची, हा प्रश्न उरतोच.

६ मार्च १८८८ रोजी, वडिलांच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी, ऑल्कट गेली, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. आपल्याला पाऱ्याने खाल्ले, ही तिची समजूत शेवटपर्यंत कायम होती.